कॉलेजची शॉर्टफिल्म मोबाईलवर: कशाच्या आधी काय करायचं

शॉर्टफिल्म स्पर्धेची तारीख लागली की लातूर घ्या, परभणी घ्या, नांदेड घ्या, सगळीकडं गोष्ट एकच घडते. चार-पाच पोरं, त्यातल्या एकाकडं बरा फोन, रविवार बघून कुणाच्या तरी शेतात जायचं, दिवसभर शूट करायचं आणि घरी आल्यावर कळतं की वाऱ्यानं एकही डायलॉग ऐकू येत नाही, हिरोचा शर्ट मधेच बदललाय आणि गोष्टीला शेवटच नाही. मग त्यावर उदास बासरी टाकायची, शेवटी काळ्या पडद्यावर संदेश लिहायचा, झाली फिल्म.

यात फोनचा काही दोष नाही, क्रम चुकतो. फोन हातात आला की लोक पहिल्यांदा कॅमेरा उघडतात, आणि खरं तर त्याच फोनचा सगळ्यात मोठा उपयोग शूटच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत असतो. खाली तो क्रम दिलाय, पाच ते आठ मिनिटांची फिल्म धरून. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरण एकच घेतो, बीडकडच्या एका गावातली आठवीतली पोरगी, आई-बाप ऊसतोडीला जाणार.

१. विषय एका वाक्यात बसवा

"शेतकऱ्यांचे प्रश्न", "पाणीटंचाई", "स्त्री शिक्षण" हे विषय नाहीत, निबंधाची नावं आहेत. फिल्मचा विषय असा लागतो: आई-बाप कारखान्याला निघालेत, पोरगी दरवर्षी आजीजवळ राहते, यंदा आजीला दिसत नाही म्हणून तिनं पण सोबत चलावं असं घरचे म्हणतात, आणि पोरीला शाळा सोडायची नाही. एवढंच. यात कुणाला काय पाहिजे आणि काय आडवं येतंय हे दोन्ही आलं.

वाक्य ग्रुपवर टाका आणि टीममधल्या प्रत्येकाला ते न बघता परत टाईप करायला सांगा. पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर अजून विषय ठरलेला नाही, पुढं जाऊ नका.

२. रिसर्च, आणि इथं घाई करू नका

सगळे जण हीच पायरी गाळतात. "आपल्याला माहितीये की गावाकडचं" असं म्हणतात आणि मग फिल्ममध्ये ऊसतोड कामगार जून महिन्याच्या पावसात घर सोडून निघालेले दिसतात. गाळप हंगाम सुरू होतो तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला, माणसं निघतात दसरा-दिवाळीच्या आसपास आणि परत येतात उन्हाळा लागता लागता. हे गावातल्या कुठल्याही प्रेक्षकाला माहीत असतं, आणि असली एक चूक दिसली की पुढची फिल्म तो हसत बघतो.

आधी गूगल शीटमध्ये एक फाईल करा, सगळ्यांना एडिटिंगचा ॲक्सेस द्या, तीन रकाने पुरेत: काय कळलं, कुठून कळलं, पडद्यावर कुठं दिसेल. तिसरा रकाना महत्त्वाचा. जी माहिती पडद्यावर दिसणार किंवा ऐकू येणार नाही ती कितीही भारी असली तरी बाजूला ठेवा.

सर्च करताना पुस्तकी शब्द टाकू नका, त्या धंद्यातले शब्द टाका. "स्थलांतरित मजुरांच्या समस्या" टाकलं की भाषणं येतात. "उचल" (आगाऊ घेतलेले पैसे), "मुकादम" (मजुरांची टोळी नेणारा), "कोयता", "हंगामी वसतिगृह" (मागं राहिलेल्या पोरांची हंगामापुरती सोय) टाकलं की खरी माहिती हाताला लागते. उदाहरणार्थ नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात आणि मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. आता बघा, या एका गोष्टीतून अख्खा सीन निघतो, कारण आईनं पोरीसाठी घरी थांबायचं ठरवलं तर बापाचा कोयताच मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर येते. हे घरात बसून सुचत नसतं.

मराठी आणि इंग्रजी दोन्हीत शोधा. सरकारी आकडे पाहिजे असतील तर सर्चमध्ये शब्दांच्या पुढं इंग्रजीत "site:gov.in" असं मधे जागा न सोडता टाका म्हणजे फक्त तिथलेच निकाल येतात. गावाची लोकसंख्या, घरं, शाळा वगैरे 2011 च्या जनगणनेत गाववार मिळतं. आकडा जुना आहे हे लक्षात ठेवा.

जुन्या काळातली गोष्ट असेल तर तारीख दोन-तीन ठिकाणी तपासा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती पहिली गाडी 12 एप्रिल 2016 ची, दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. म्हणजे सीन भर उन्हाळ्यातला, मागं हिरवं रान दिसून चालणार नाही. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. त्या सीनसाठी आजचं स्लॅबचं घर वापरलं तर जाणता माणूस लगेच ओळखतो.

कॉम्प्युटर मिळत असेल तर गूगल अर्थ प्रो फुकट आहे, त्यात जुन्या सालाचे सॅटेलाईट फोटो बघता येतात. तळं कधी भरलेलं होतं, रस्ता कधी झाला, वस्ती कुठवर होती हे कळतं, आणि लोकेशन कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे पण, ते पुढं उजेडासाठी कामाला येतं.

एआय चॅटबद्दल एक स्पष्ट सांगतो. प्रश्नांची यादी काढायला बेस्ट आहे, "मुकादमाला काय काय विचारू" म्हणलं की वीस प्रश्न देतं, त्यातले आठ चांगले असतात. पण माहिती त्याच्याकडून घेऊ नका, ते नसलेला रिपोर्ट आणि नसलेली तारीख पण छातीठोकपणे सांगतं. त्यानं सांगितलेली गोष्ट दुसरीकडं सापडली नाही तर ती शीटमध्ये टाकायचीच नाही.

मग फोन खिशात ठेवून माणसांकडं जा. मुलाखत घेताना आधी विचारा, रेकॉर्डिंग चालू केल्यावर पुन्हा विचारा, म्हणजे त्यांचा होकार आवाजातच राहतो. मराठी व्हॉईस टायपिंग आता बरं चालतं, पण आपली बोली आली की गडबडतं, "काय करायलास" चं भलतंच काहीतरी लिहितं, त्यामुळं टाईप झालेलं परत ऐकून हातानं दुरुस्त करा. हे कंटाळवाणं आहे पण डायलॉग इथूनच मिळतात. आजीच्या तोंडी सदाशिव पेठेतलं मराठी नको आणि टीव्हीवरचं ओढूनताणून रांगडं पण नको. बीडचं बोलणं वेगळं, लातूर-धाराशिवचं वेगळं, नांदेडचं अजून वेगळं, फिल्म जिथली आहे तिथल्याच माणसाला स्क्रिप्ट वाचून दाखवा.

थांबा: शीटमधल्या निदान दहा ओळींचा तिसरा रकाना भरलाय का? नसेल तर अजून दोन माणसांना भेटा.

३. स्क्रिप्ट लिहा आणि घड्याळ लावून वाचा

गूगल डॉक्सवर लिहा, वेगळं ॲप लागत नाही. प्रत्येक सीनच्या वर तीन गोष्टी: आत की बाहेर, कुठं, दिवसाची कुठली वेळ. खाली जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. "तिला आठवण येते" असं लिहिलं तर कॅमेऱ्यानं काय दाखवायचं? "ती आईच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावते" हे शूट करता येतं.

सहा मिनिटांच्या फिल्मला सहा-सात सीन खूप झाले. लिहून झालं की सगळ्यांनी बसून मोठ्यानं वाचा, मधल्या हालचालींना पण वेळ द्या, आणि फोनवर रेकॉर्ड करा. वेळ दहा मिनिटं आला तर आत्ताच कापा. शूट झाल्यावर जीव होत नाही कापायला. ऐकताना जिथं तुम्हालाच कंटाळा येतो तो डायलॉग जाऊ द्या, बहुतेक वेळा तो माहिती सांगणारा डायलॉग असतो, "तुला माहितीच आहे आपण दरवर्षी सहा महिने..." असला.

स्क्रिप्ट लॉक झाली की फाईलच्या नावात तारीख टाका आणि बाकीच्यांचा एडिटिंग ॲक्सेस काढून फक्त वाचण्याचा ठेवा. नाहीतर शूटच्या दिवशी तिघांकडं तीन स्क्रिप्ट असतात.

४. फोटोंचा स्टोरीबोर्ड आणि शॉट-लिस्ट

चित्र काढता येत नाही म्हणून स्टोरीबोर्ड (सगळे शॉट क्रमानं चित्रात मांडणं) सोडून देतात. चित्र काढायचंच नाही. फोन घेऊन लोकेशनवर जा, ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा, ॲक्टरच्या जागी मित्राला उभं करा आणि प्रत्येक शॉटचा फोटो काढा. मग ते फोटो स्लाईडमध्ये क्रमानं लावा, खाली एक ओळ. फोटो भराभर पुढं सरकवले की फिल्म दिसायला लागते, आणि कुठला शॉट कमी पडतोय हेही तिथंच कळतं. माझ्या मते अख्ख्या प्रोसेसमध्ये फोननं वाचवलेला सगळ्यात जास्त वेळ हाच.

याच फेरीत डोळे मिटून दोन मिनिटं आवाज ऐका. पिठाची गिरणी, बोअरची मोटार, देवळाचा भोंगा, बाजूच्या मंगल कार्यालयातला डीजे. लोकेशन दिसायला कितीही देखणं असलं तरी डायलॉगचा सीन गिरणीशेजारी होणार नाही.

मग शॉट-लिस्ट शीटवर. रकाने: सीन, शॉट, लोकेशन, वेळ, कोण, वस्तू, कपडे, डायलॉग आहे का. आणि आता ही शीट स्क्रिप्टच्या क्रमानं ठेवू नका, लोकेशननुसार आणि मग वेळेनुसार सॉर्ट करा. घराच्या आतले सगळे शॉट एकत्र, अंगणातले एकत्र. इथं दोन चुका हमखास होतात. एक, कपड्यांचा रकाना रिकामा राहतो आणि सीन दोन व सीन पाच एकाच दिवसातले असून पोरगी वेगळ्या ड्रेसमध्ये दिसते. दुसरी, दोघं समोरासमोर बोलतात तेव्हा कॅमेरा कधी या अंगाला कधी त्या अंगाला ठेवतात, मग दोघंही एकाच दिशेला बघत बोलल्यासारखे दिसतात. दोघांच्या मधून एक रेघ ओढली आहे असं धरा आणि तो सीन संपेपर्यंत रेघेच्या एकाच बाजूला राहा.

५. परवानग्या

शेत, घर, दुकान असेल तर मालकाला आधी विचारा, तोंडी चालतं पण व्हॉट्सॲपवर एक मेसेज घेऊन ठेवा. शाळेसाठी मुख्याध्यापकांना पत्र. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर "पटकन घेऊ" म्हणून ट्रायपॉड लावू नका, लेखी परवानगी लागते. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, देवगिरी ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याकडं आहेत, तिथं फोननं सहज फोटो काढणं वेगळं आणि ॲक्टर नेऊन फिल्म शूट करणं वेगळं, त्याला आधी अर्ज करावा लागतो. ड्रोनला 2021 चे नियम लागू आहेत, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा ड्रोन आहे म्हणून उडवायचा असं चालत नाही, आणि खरं सांगू का, शॉर्टफिल्ममधले निम्मे ड्रोन शॉट काढून टाकले तरी काही बिघडत नाही.

अठरा वर्षांखालचं पोर ॲक्टिंग करणार असेल तर आई-वडिलांची सही कागदावर घ्या. खऱ्या मजुरांच्या वस्तीत, खऱ्या घरात, त्यांच्या अडचणीचे शॉट न विचारता चोरून घेऊ नका. फिल्म नंतर त्यांच्याच गावात फिरते.

६. आदल्या रात्री

फोन रिकामा करा. साध्या फुल एचडीत मिनिटाला साधारण 100 ते 150 एमबी जातात, म्हणजे तासाभराच्या शूटला 6 ते 9 जीबी. फोर-केमध्ये त्याच्या निदान अडीच-तीन पट. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर फुल एचडी पुरतं, आणि जुन्या फोनवर फोर-के एडिट करताना फोन रडतो.

सेटिंग सगळ्या फोनवर सारखी पाहिजे. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळं काही ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात व्हिडिओवर पट्टे हलताना दिसतात. ते टाळायला सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात हे मिळत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप्स बघा, तुमच्या फोनवर कुठलं नीट चालतं ते आधीच बघून ठेवा. तेही जमलं नाही तर सगळे 30 वर ठेवा, पण एक फोन 30 आणि दुसरा 60 असं नको. ब्युटी मोड बंद. एचडीआर व्हिडिओ बंद. फोन आडवा.

तपासा: उद्या वापरणार त्याच फोननं, त्याच माइकनं एक मिनिट शूट करा, कॉम्प्युटरवर टाका, हेडफोन लावून ऐका. कॉलर माइक घेतला आणि तो फोननं ओळखलाच नाही, आवाज फोनच्याच माइकमधून आला, हे फार होतं. साडेतीन एमएमच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर बहुतेक तो कॅमेऱ्याचा माइक आहे, फोनला तीन रेघांचा लागतो.

पॉवर बँक, एक्स्टेन्शन, आणि भारनियमनाची वेळ गावात विचारून ठेवा.

७. शूटचा दिवस

आपल्याकडचा उन्हाळा धरून वेळ आखा. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत बाहेरचे शॉट, मग घरातले, परत पाचनंतर बाहेरचे. दुपारी बारा वाजता चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, आणि एप्रिल-मे मध्ये चाळिशीच्या वर पारा गेला की फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. मधल्या वेळात फोन सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते.

प्रत्येक शॉटला हाच क्रम पाळा:

लेन्स सुती कपड्यानं पुसा. फोन फ्लाइट मोडवर. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर मागून ढग गेला की चेहरा काळा-गोरा होत राहतो. रेकॉर्ड चालू. एकानं मोठ्यानं सीन आणि शॉट नंबर सांगायचा आणि टाळी वाजवायची. पाच सेकंद गप्प. मग ॲक्शन. संपल्यावर परत पाच सेकंद गप्प, मगच कट. या पाच सेकंदांचा एडिटरला किती आधार असतो हे एडिट करायला बसल्यावरच समजतं.

आवाजासाठी दुसरा फोन वापरा, रेकॉर्डर चालू करून ॲक्टरच्या खिशात किंवा फ्रेमच्या बाहेर जवळ ठेवा. टाळी त्याचसाठी, चित्रात हात मिळतो आणि आवाजात टोक दिसतं, दोन्ही जुळवले की झालं. वारा असेल तर माइकवर फरचं टोपण, नसेल तर जाड लोकरीचा तुकडा. पंखा आणि फ्रीज बंद करा, आणि फ्रीज परत चालू करायची जबाबदारी एकावर टाका, घरमालकीण परत बोलावणार नाही नाहीतर. लोकेशन सोडायच्या आधी सगळ्यांनी गप्प उभं राहून तिथला नुसता आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करा. कट जिथं टोचतात तिथं तो खाली पसरता येतो.

आधी लांबचा शॉट, मग जवळचा. झूम बोटानं करू नका, दोन पावलं पुढं जा.

८. त्याच रात्री कॉपी

अंघोळीच्या आधी हे काम. केबलनं लॅपटॉपवर, तिथून पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फोनमधून काही उडवायचं नाही, आणि कॉपी झालं म्हणजे फाईल उघडून शेवटपर्यंत चालवून बघितली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं फुटेज एडिटला वापरू नका, दाबून लहान झालेलं असतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाईलला नाव द्या: सीन, शॉट, टेक (तोच शॉट कितव्यांदा घेतला). शॉट-लिस्टच्या शीटमध्ये बरा टेक हिरवा करा.

९. एडिट

इथंही क्रमच चुकतो. लोक आधी गाणं टाकतात आणि मग गाण्यावर शॉट चिकटवतात.

पहिल्यांदा फक्त हिरवे टेक स्क्रिप्टप्रमाणे लावा, म्युझिक नाही, इफेक्ट नाही, कलर नाही. ते असं नागडं बघून गोष्ट कळली पाहिजे. गोष्ट न सांगता बाहेरच्या एका माणसाला दाखवा आणि त्याला काय समजलं ते विचारा, तुम्ही समजावायला जाऊ नका. मग कापाकापी. मग डायलॉगचा आवाज, सगळे सीन सारख्या पातळीवर, मीटर लाल होऊ न देता. मग मागचे आवाज. मग कलर, आणि तोही थोडा, गाव दाखवायचं म्हणून सगळं पिवळं करायची गरज नाही. म्युझिक सगळ्यात शेवटी आणि लागलं तरच.

फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर चालतं, काइनमास्टर फुकट वापरलं तर वर त्यांचं नाव येतं. कॉम्प्युटर जरा दमदार असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली.

सिनेमातलं गाणं टाकू नका. "क्रेडिट दिलंय" म्हणून हक्काचा प्रश्न मिटत नाही, यूट्यूबवर कॉपीराईटचा क्लेम येतो आणि स्पर्धेत बाद होऊ शकता. यूट्यूब ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, तिथं प्रत्येक ट्रॅकखाली नाव देणं सक्तीचं आहे का ते लिहिलेलं असतं. सगळ्यात चांगलं म्हणजे गावातल्या एखाद्या आजीकडून जात्यावरची ओवी रेकॉर्ड करा, तिला विचारून, आणि नाव टाका.

टायटलला युनिकोड फॉन्ट वापरा, मुक्ता किंवा बलू. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधलं कॉपी करून टाकलं की अक्षरांचा चिवडा होतो, आणि काही ॲपमध्ये जोडाक्षरं व वेलांट्या तुटतात, तेव्हा प्रत्येक नाव मोठं करून वाचा. सबटायटल एका वेळी दोन ओळींच्या वर नको. ऑटो कॅप्शन चालवलंत तर आपल्या बोलीचं काय केलंय ते ओळ न ओळ बघा.

१०. एक्सपोर्ट आणि पाठवणं

फुल एचडी, व्हिडिओ फॉरमॅट एच 264 (H.264), शूट केलं तेवढेच फ्रेम, बिटरेट 8 ते 12 एमबीपीएस. फाईल तीन ठिकाणी वाजवून बघा: फोनचा स्पीकर, हेडफोन, आणि जिथं दाखवणार तिथला प्रोजेक्टर. प्रोजेक्टरवर अंधाराचे सीन हमखास काळेठिक्कर होतात, त्यामुळं रात्रीचा सीन असेल तर एक दिवस आधी हॉलमध्ये जाऊन बघाच.

यूट्यूबवर लगेच पब्लिक करू नका. काही फेस्टिव्हल आधी प्रदर्शित झालेली फिल्म घेत नाहीत, म्हणून अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) ठेवा आणि नियम वाचून ठरवा. पेनड्राईव्ह द्यायचा असेल तर जुन्या एफएटी 32 फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, तो एक्सफॅटला फॉरमॅट करा, पण हॉलमधल्या कॉम्प्युटरला एक्सफॅट वाचता येतं का ते पण विचारा. फाईलचं नाव "फायनल फायनल 2" नको, फिल्मचं नाव, कॉलेज आणि मिनिटं. आणि एक कॉपी टीमच्या दुसऱ्या माणसाच्या खिशात.